नाव ठाऊक असेल तर विचारा

महाराष्ट्रात राजूर नावाची निदान तीन गावं आहेत. एक अकोले तालुक्यात, डोंगरात. दुसरं जालन्याकडे, तिथला गणपती प्रसिद्ध आहे. तिसरं आमचं, म्हणजे मु. पो. राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ. आमच्याकडे देव प्रसिद्ध नाही, कोळसा आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांवर हे गाव वाढलं. त्यामुळे इथला माणूस संध्याकाळी एक तर काळा होऊन घरी यायचा, नाही तर पांढरा. मी बँकेत कारकून असल्यामुळे जांभळा होऊन येतो. शिक्क्याची शाई.

तर एकदा आमच्या शाखेसाठी निघालेली कोऱ्या पासबुकांची पेटी थेट गणपतीच्या राजूरला पोचली. चूक कोणाची, ते विचारू नका. नवस आम्ही केला नव्हता, एवढंच सांगतो. तीन आठवडे मी गिऱ्हाइकांना "पासबुक गणपतीला गेलंय" असं सांगत होतो आणि गिऱ्हाइकं भाविक असल्यामुळे गप्प बसत होती.

हा किस्सा मी नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याला सांगितला. तो हसला नाही. आजकालची मुलं हसत नाहीत, उपाय सुचवतात. म्हणाला, "मामा, तुमच्या गावाला सेक्शन नंबर पाहिजे." युनिक्स नावाच्या प्रणालीत म्हणे 'पासवर्ड'चं आखूड रूप असलेल्या एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत. एक आज्ञा आणि एक फाईल. मग माहितीच्या पानावर नावापुढे कंसात आकडा घालतात. आज्ञा असेल तर १, फाईल असेल तर ५. म्हणजे राजूर कंसात १, राजूर कंसात २, राजूर कंसात ३. "आणि ही माहिती कुठं असते?" मी विचारलं. "मॅन करायचं, मामा." आतून सौ. म्हणाली, "यांचं मन कुठं लागतं कशात?"

मन नव्हे, मॅन. मॅन्युअलचं लघुरूप. आज्ञेचं नाव घ्यायचं, तिच्या आधी 'मॅन' लावायचं, की त्या आज्ञेची पोथी पडद्यावर उलगडते. एक आज्ञा, एक पोथी. या वाङ्मयाबद्दल मराठीत कोणी दोन शब्द लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा मी लिहितो. मी बी.कॉम. आहे, समीक्षक नाही. पण एकवीस वर्षं बँकेची परिपत्रकं वाचली आहेत. त्यानंतर माणूस काहीही वाचू शकतो.

शिवाय माझा अभ्यास तसा जुना आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी "दहा वर्षांवरचं रेकॉर्ड निकालात काढा" असा हुकूम आला आणि आम्ही मागची खोली उघडली. आत वाळवीनं १९९४ सालची व्हाउचरं संपवून १९९५ ला हात घातला होता. त्या ढिगात एक निळी, जाडजूड फाईल होती. शाखेत एके काळी युनिक्सवर चालणारं यंत्र होतं. मी नोकरीला लागलो तोवर ते भंगारात गेलं होतं. त्याच्या मॅन्युअलच्या पानांच्या या झेरॉक्स. डाव्या बाजूला व्हाउचर, उजव्या बाजूला व्हाउचर, दोन्ही खाल्लेली. मधल्या फाईलला वाळवीनं तोंडसुद्धा लावलं नव्हतं. माझ्याआधीच्या समीक्षकाचा हा अभिप्राय मी नोंदवून ठेवला आणि फाईल पिशवीत घालून घरी नेली.

पहिलं युनिक्स मॅन्युअल निघालं ३ नोव्हेंबर १९७१ रोजी. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी ते लिहिलं. त्यांनी जी मांडणी ठरवली, ती थोड्याफार फरकानं आजही चालते. आधी नाव. मग वापरायची रीत. मग वर्णन. मग 'हेही पाहा'. आणि एक मथळा 'बग्ज', म्हणजे दोष.

सुरुवातीची नावाची ओळ मला फार आवडली. आज्ञेचं नाव, एक आडवी रेघ आणि ती काय करते ते. आरएम, रेघ, फायली काढून टाकते. संपलं. आमचं परिपत्रक "उपरोक्त विषयास व संदर्भीय पत्रास अनुसरून" असं सुरू होतं. संदर्भीय पत्र कपाटात नसतं आणि क्रियापद दुसऱ्या पानावर भेटतं. तेसुद्धा 'करण्यात यावे', म्हणजे कोणी करायचं ते शेवटपर्यंत कळत नाही.

पण मी उठून उभा राहिलो तो 'दोष' वाचून. स्वतः लिहिलेल्या मालाच्या पुडक्यावर स्वतःच लिहायचं की यात अमुक खोट आहे, तमुक वेळी हे चुकतं! वणीच्या बाजारातल्या एखाद्या किराणा दुकानदारानं "आमच्या तुरीच्या डाळीत खडे आहेत, निवडून घ्या" अशी पाटी लावली, तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतील. इथं तो नियमच. आणि १९७१ च्या त्या पहिल्या आवृत्तीत आणखी एक मथळा होता: मालक. त्याखाली ज्यानं ती आज्ञा लिहिली त्याचं छोटं नाव. म्हणजे कोणाच्या नावानं बोटं मोडायची, तेही छापून दिलेलं. आमच्या परिपत्रकाखाली सही असते. ती वाचता येत नाही, आणि वाचता येऊ नये अशीच ती केलेली असते.

पुढे या मॅन्युअलचं संपादन डग मॅकिलरॉय नावाच्या गृहस्थानं केलं. सातवी आवृत्ती १९७९ ची, ती त्याच्या हाताखालून गेली. पान लिहायला बसलं की आपल्याच कार्यक्रमातला वेडेपणा दिसायचा, मग पान सुधारण्याऐवजी लोक कार्यक्रमच सुधारायचे, असा त्या मंडळींचा अनुभव. सांगता येत नाही ते बहुधा केलेलंच वाईट असतं. हे त्यांना तेव्हा कळलं होतं.

आता नावं. इथं माझी आणि त्या मंडळींची फारकत होते.

यादी दाखवा म्हणायचं तर एलएस. नक्कल करा, सीपी. हलवा, एमव्ही. अक्षरं मोजून दोन. व्यंजनं तेवढी ठेवली आणि स्वर काटकसरीत गेले. का, तर तेव्हा पडदे नव्हते, टेलिटाईप होतं. दणादणा आवाज करत सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकणारं. एकेक अक्षर मोलाचं. ही सबब मला मान्य आहे. आपणही तेच केलं होतं. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर सगळं घर बसवायचं म्हणून 'ती. बाबांस सा. न. वि. वि.' लिहिलं. चि., सौ., कै., ह. भ. प., ता. क. ही सगळी आमची एलएस आणि सीपीच. तारेला तर शब्दागणिक पैसे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, तोवर शुभेच्छांच्या ठरीव वाक्यांना आकडेच दिलेले होते. आकडा सांगा, वाक्य पोचेल.

म्हणजे आखूडपणा हा गुन्हा नाही. 'मु. पो.' चा अर्थ राजूरच्या शेंबड्या पोरालाही कळतो, कारण गावात येणाऱ्या प्रत्येक पत्रावर ते होतं. गुन्हा केव्हा होतो, तर फक्त लिहिणाऱ्यांच्या ओसरीवर चालणारी खूण सगळ्या गावावर लादली की. ग्रेप नावाची शोधायची आज्ञा आहे. मी समजलो, द्राक्षाचा काही संबंध असेल. तो नाही. एका जुन्या संपादकात 'सगळीकडे हा नमुना शोधून छाप' असं सांगायला जी अक्षरं ठोकत, ती जोडून झालेलं हे नाव. ज्यानं तो जुना संपादक वापरला, त्याला गोड. बाकीच्यांना द्राक्षं आंबट. ऑक नावाची आज्ञा म्हणजे अहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं, साल १९७७. हे ठीक आहे, आमच्याकडे शहा, देशमुख आणि कंपनी असते. पण दुकानाच्या पाटीवर निदान 'कापडाचे व्यापारी' असं खाली लिहितात. कॅट म्हणजे मांजर नव्हे, तो 'जोडणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा मधलाच तुकडा. मोर नावाची आज्ञा मात्र मला पटली. लांबलचक मजकूर ती पान पान उलगडून दाखवते. आपल्या मोराचं कामच ते. पुढे कोणीतरी तिच्याहून सरस आज्ञा केली आणि तिला नाव दिलं 'लेस', म्हणजे कमी. कारण इंग्रजीत एक म्हण आहे की कमी तेच जास्त. विनोद चांगला आहे. पण रात्री अकरा वाजता हिशेब जुळत नसताना ज्याला फाईल वाचायची आहे, त्यानं विनोद ओळखायचा की फाईल वाचायची?

थॉम्पसनला पुढे विचारलं होतं की युनिक्स पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलशील. तो म्हणाला, 'क्रिएट'चं शेवटचं ई घालीन. फाईल निर्माण करायची ती हाक; तिच्या नावातून त्यांनी एक ई गाळलं होतं. एक अक्षर वाचवलं आणि सगळ्या जगाला जन्मभर चुकीचं स्पेलिंग पाठ करायला लावलं. पण माणसानं कबूल केलं. आमच्या बँकेत ई गाळलं असतं, तर ते धोरण ठरलं असतं.

ही काही परदेशी भानगड आहे असं समजू नका. नावं ठेवण्याचा उद्योग आपल्याकडे जुना. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवला, फारसी शब्द काढून संस्कृत आणले. पेशव्याचा प्रधान केला. कागदावर प्रधान राहिला, लोकांच्या तोंडात पेशवाच. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय निघालं आणि १९६२ मध्ये पदनाम कोश आला. त्याची 'बदनाम कोश' म्हणून खूप थट्टा झाली. मी त्या थट्टेत नाही, कारण त्यातले अधीक्षक आणि अभियंता आज घरोघर झाले आहेत. 'लिपिक' हा शब्द तर माझ्या लग्नाच्या बायोडाटात होता आणि सासऱ्यांना तो कारकुनापेक्षा दोन पायऱ्या वरचा वाटला. चांगल्या नावाचे असेही उपयोग असतात. आणि आमच्या धंद्यातली जुनी नावं पाहा: जमा आणि नावे. कोणालाही न शिकवता कळतात. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला डेबिटचं लघुरूप 'डीआर' का, हे मी सरांना विचारलं होतं. डेबिटमध्ये आर नाहीच. सर म्हणाले, "परीक्षेला विचारत नाहीत."

काही नावं तर उलटीच. 'नाइस' नावाची आज्ञा आहे. कामाला ती जितकी जास्त सज्जन करते, तितकं ते काम रांगेत मागे जातं. सज्जनपणाचा आकडा वजा वीसपासून एकोणीसपर्यंत. आकडा जास्त, तितकं थांबा. वजा आकडा, म्हणजे दुर्जनपणा, फक्त यंत्राच्या मुख्य मालकाला वाटता येतो. याचं वर्णन मी दोनदा वाचलं आणि पासबुक छापायच्या खिडकीकडे पाहिलं. या एका आज्ञेचं नाव मात्र ज्यानं ठेवलं, तो कधी तरी बँकेत उभा राहिलेला असणार.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो सगळ्या मॅन पानांना मिळून एकच आहे. पान वाचायला आज्ञेचं नाव ठाऊक लागतं. नाव ठाऊक असलेल्या माणसाला बरंचसं आधीच ठाऊक असतं. ज्याला फक्त आपली अडचण ठाऊक आहे, त्यानं काय करायचं? त्याची सोय आहे, नाही असं नाही. अडचणीतला एखादा शब्द द्यायचा आणि त्यावरून आज्ञा शोधायची, अशी एक वेगळी आज्ञा आहे. जिला काहीच ठाऊक नाही अशा माणसासाठी केलेल्या त्या आज्ञेचं नाव काय असावं? शोध? मदत? विचारा? तिचं नाव आहे 'अ‍ॅप्रोपो'. फ्रेंच शब्द. आमच्या शाखेत नऊ माणसं आहेत. मॅनेजर धरून एकालाही तो ठाऊक नव्हता. भाच्याच्या यंत्रावर मी तिला मराठीत 'पेन्शन' म्हणून विचारलं. उत्तर आलं की योग्य असं काही नाही.

हे उत्तर मी यापूर्वी ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे, दिलं होतं.

नोव्हेंबर हा आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर मंडळी येतात, आपण आहोत असं दाखवतात आणि जातात. खाणीत गेलेल्या एका माणसाची बायको, आता सत्तरीची, दरवर्षी खिडकीशी येऊन एकच वाक्य बोलते: "बाबू, मी जित्ती आहो. लिहून घे." अडचण सांगण्याची याहून स्वच्छ रीत मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये पाहिलेली नाही. मी लिहून घेतलं, अंगठा घेतला, जांभळा शिक्का मारला आणि कागद फायलीला लावला. जानेवारीत तिची पेन्शन आली नाही.

"आजी, दाखला दिला होता ना?"

"तूच तं शिक्का मारला, बाप्पा. तवाबी जित्तीच होती मी."

कागद होता. पण तो कागद यंत्रालाही सांगायचा असतो, आणि त्यासाठी एक नवा रकाना निघाला होता. तो उघडायची अक्षरं मला ठाऊक नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरला मदतीचं पुस्तक आहे. मी 'लाइफ' शोधलं. मिळालं नाही. 'पेन्शन' शोधलं, तर कर्जाची माहिती आली. 'सर्टिफिकेट'वर मुदतठेवीची पावती आली. वरच्या कार्यालयाला फोन केला. त्यांनी विचारलं, "मेनूचं नाव काय?" मी म्हणालो, तेच विचारायला फोन केलाय. ते म्हणाले, नावाशिवाय कसं सांगणार.

आजी तीनदा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा वाण्यानं उधारी बंद केली होती, हे तिनं मला सांगितलं नाही, मागच्या रांगेतल्या माणसानं सांगितलं. तिसऱ्या खेपेला ते सापडलं. वणीच्या एका ओळखीच्या कारकुनाला त्याच्या ओळखीच्या कारकुनानं सांगितलं होतं. रकाना होता 'इतर किरकोळ तपशील' या नावाखाली. बाई जिवंत आहे, हा किरकोळ तपशील.

त्या रात्री मी निळी फाईल काढली आणि तिच्या चालीवर एक पान लिहिलं. मराठीत, हातानं. वर नाव: 'पेन्शन अडकली', रेघ, 'दाखला दिला तरी पैसे आले नाहीत तेव्हा काय करायचं'. नावात गिऱ्हाईक जे शब्द बोलतं तेच घातले. पेन्शन, दाखला, हयात, अंगठा, आणि हो, 'जित्ती' हाही शब्द घातला, कारण शोधणारा तोच ऐकून शोधायला येणार. मग रीत: कुठली अक्षरं ठोकायची, कुठला रकाना, कुठलं बटण. मॅन पानात चौकोनी कंसांचं जे जंगल असतं ते मी लावलं नाही; एक उदाहरण दिलं, खोट्या खाते क्रमांकाचं. उदाहरण शेवटी टाकायची, किंवा विसरायची, ही त्या पानांची वाईट खोड आहे. 'हेही पाहा' मी गाळलं. ते वाचून माणूस या टेबलावरून त्या टेबलावर जातो, आणि ती सोय आमच्याकडे आधीपासून आहे. खाली 'दोष': 'हे सगळं करूनही कधी कधी होत नाही. का होत नाही ते आम्हाला ठाऊक नाही. गिऱ्हाइकाला परत पाठवू नये, वर फोन करावा.' सगळ्यात शेवटी 'मालक' आणि माझं नाव. पान काउंटरच्या काचेखाली सरकवलं.

मार्चमध्ये तपासनीस आले. वाकून वाचलं. अक्षर सुवाच्य आहे म्हणाले. मग बोट थांबलं. "दोष? बँकेच्या काउंटरवर दोष? हा शब्द काढा. 'विशेष सूचना' लिहा." मी हो म्हणालो आणि त्या शब्दावर शाईचं पॅड ठेवलं. तपासणी चार दिवस चालली. चार दिवस मी पॅड उचललं नाही. शिक्के त्याला तिथंच टेकवले.

यंदा सप्टेंबरात आमच्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती आली. सुधारणा अशी की सगळी अक्षरं बदलली. नोव्हेंबरात आजी खिडकीशी आली, जित्ती आहो म्हणाली. मी नवीन अक्षरं शोधून तिची नोंद केली, तिच्यासमोर पडद्यावर आलेली पाहिली, मग काचेखालचं पान ओढून बाहेर काढलं आणि 'दोष'च्या खाली पेन्सिलीनं लिहायला लागलो.

"काय लिहून राहिला, बाबू?"

"चूक लिहून राहिलो, आजी."

"कोनाची?"

"आमची."

तिनं माझ्या खांद्यावरून मागच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं गेल्याच आठवड्यात रुजू झालेला मुलगा व्हाउचर उलटं धरून वाचत होता.

"मंग जरा मोठं लिही," आजी म्हणाली. "तो पोट्टा नवा दिसते."